"बसा" म्हणणारा पट्टा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (टेबलाखाली पडलेलं पेन उचलताना केलाय, पण मनापासून.) तब्येत कशी आहे? हेच फोनवर विचारलं की तुम्ही "ठणठणीत!" म्हणून फोन ठेवता, म्हणून कागदावर विचारतेय. कागद मध्येच कट करता येत नाही. भुवईवरचे टाके काढले का? बँकेत ज्या अनोळखी बाईंच्या मांडीवर तुम्ही कोसळलात, त्या पुन्हा भेटल्या का? तुम्ही सगळ्यांना "घसरलो" म्हणून सांगता, पण खुर्चीतून उठताना कोण घसरतं हो?

इकडे मी मजेत आहे. म्हणजे नोकरी जायची वेळ आलीय, बाकी मजेत.

तुम्हाला माझं काम कधी नीट सांगितलंच नाही. (तुम्ही गावभर "भाची डॉक्टर आहे" म्हणून सांगून ठेवलंय, तेव्हा मला लाज वाटली, पण मी गप्प बसले.) नवीन औषध किंवा यंत्र पेशंटवर वापरून बघायचं असेल तर आधी हॉस्पिटलच्या नीतिसमितीची परवानगी लागते. त्या समितीची मी सेक्रेटरी. अध्यक्ष एक रिटायर्ड जज्ज, मग एक हाडांचे डॉक्टर, मेट्रनबाई, आणि वैद्यकातलं काही न कळणारी एक व्यक्ती हवीच असा नियम, म्हणून शिवणकाम करणाऱ्या एक ताई. (काही न कळण्याच्या जागेवर हाडांचे डॉक्टरही चालले असते, पण असो.)

तर एका इंजिनियरने एक पट्टा बनवलाय. कमरेला बांधायचा. उठल्यावर ज्यांचं ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, अशांसाठी. (हो, तुमच्यासारख्यांसाठीच. वाचत राहा.) तोल जायच्या आत तो मोठ्याने "बसा!" म्हणतो. गेल्या मंगळवारी मीटिंगमध्ये परवानगीचा विषय निघाला, तेव्हा जज्जसाहेब म्हणाले, कागद खूप झाले, वस्तू दाखवा. मी हौसेने उठले आणि त्यांच्याच कमरेला पट्टा बांधला. साहेब प्रश्न विचारायला उभे राहिले. पट्टा म्हणाला, "बसा!" साहेब बसले. तीस वर्षं दुसऱ्यांना बसवत आलेला माणूस, त्याला कळेचना काय झालं. पुन्हा उठले. "बसा!" मामा, साहेबांना उभं राहिल्याशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे तीन तासांची मीटिंग वीस मिनिटांत आटोपली. सगळे इतके खूश झाले की पट्टा हातोहात फिरला. हाडांच्या डॉक्टरांना तो पुरलाच नाही, पण त्यांनी श्वास रोखून प्रयत्न केला.

आणि मग मेट्रनबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "साहेबांची संमतीची सही कुणी घेतली?"

पट्टा ज्याच्या हातात होता, त्याने तो हळूच टेबलावर ठेवला. परवानगी नसलेलं यंत्र, संमती न घेता, जिवंत माणसावर वापरलं होतं. कुणी? परवानगी देणाऱ्या समितीने! शिवाय ते इतिवृत्तात आलं होतं, कारण इतिवृत्त मी लिहीत होते आणि मी सगळं लिहिते. मग समितीने समितीला नोटीस काढली. मी टाइप केली, मीच पोच दिली, आणि उत्तर आलं नाही म्हणून मला स्मरणपत्रही मीच पाठवलं. जरा कडक भाषेत.

पण एक चांगलं झालं. साहेब आता रीतसर पेशंट ठरले, म्हणून त्यांना माहितीपत्रक द्यावं लागलं, आणि त्यांनी ते बावीसच्या बावीस पानं वाचलं. असं करणारे ते जगातले पहिले. चौदाव्या पानावर लिहिलं होतं, "या गोळ्या उपाशीपोटी घ्याव्यात." पट्ट्याच्या गोळ्या! इंजिनियरने दुसऱ्या कुठल्या तरी औषधाचं पत्रक उतरवून काढलेलं, आणि आम्ही तीन मीटिंगांत त्यावर माना डोलावल्या होत्या. वर शिवणकामवाल्या ताईंनी विचारलं, "बाथरूमला जाताना हा काढायचा की ठेवायचा?" बावीस पानांत उत्तर नव्हतं. आणि मामा, माणसं पडतात तिथेच ना?

हे सगळं घरी हसत हसत सांगितलं ही माझी चूक. आईने त्यातलं एकच ऐकलं, की पट्टा चालतो. "तुझ्या ऑफिसच्या कपाटात आठ पट्टे धूळ खातायत आणि माझा भाऊ तिकडे तोंडावर पडतोय! एक दे उचलून. माझ्या भावासाठी मी कुठल्या समितीला विचारू?" मी तासभर समजावलं, की पट्टा बहुतेक वेळा बोलतो, पण एखाद्या वेळी गप्प बसला तर? मामा त्याच्या भरवशावर ताडकन उठतील, मग काय? आई सगळं ऐकून "बरं" म्हणाली. आईचं "बरं" तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखता.

वहिनींना म्हणजे मामींना नमस्कार. (आईची सवय लागली, माफ करा.)

तुमची भाची (डॉक्टर नसलेली)

ता. क. : कपाटात आता सात पट्टे आहेत. शुक्रवारी आई माझा डबा द्यायला ऑफिसात आली होती. डबा मी विसरले नव्हते. तुम्हाला आलेल्या पार्सलात मफलरच्या आत हात घालून बघा. परवा गुरुवारी जज्जसाहेब पट्टे स्वतः मोजणार आहेत. एक कमी भरला तर पट्ट्याचा अभ्यास बंद आणि मीही. हे पत्र आणणारा दारातला माणूस म्हणजे तो इंजिनियरच. पट्टा त्याच्या हाती द्या. त्याला चहा द्या, पण त्याचं काही वाचू नका आणि कशावर सही करू नका.

ता. क. २ : नवीन माहितीपत्रक दोन पानांचं झालंय. मंजूर झालं की तुमचं नाव पहिलं घालते, रीतसर. त्यात "माझ्यावर कुणाचाही दबाव नाही" असं एक वाक्य आहे, त्याचं आईसमोर काय करायचं ते समितीने अजून ठरवलेलं नाही.

ता. क. ३ : आत्ताच आईचा फोन आला. तुम्ही दोन दिवस पट्टा बांधून हिंडताय, एकदाही पडला नाहीत, आणि उत्साहाच्या भरात आज स्टुलावर चढून पंखे पुसताय म्हणे. मामा, गेल्या मंगळवारच्या प्रकारानंतर साहेबांनी त्याच दिवशी सगळ्या पट्ट्यांच्या बॅटऱ्या काढायला लावल्या. त्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. आठही पट्ट्यांच्या. मी मोजल्या.

उतरा. हळू.