शेंगांची टरफलं आणि गाडीतले भाडेकरू

शेवगाव,
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय नूरमहंमद मिस्त्री यांना रंभाजीचा जयभीम आणि सलाम, दोन्ही. (आधी कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा.) इकडे माझी शुगर ताब्यात आहे, गुडघा ताब्यात नाही, बाकी बरं. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन होऊन आता वाचायला येतं, असं सबिहाबेटीने कळवलं, म्हणून मुद्दाम बारीक अक्षरात लिहितोय. एवढा खर्च केलाय तर उपयोग होऊ दे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच "हां हां, समजलं" म्हणता आणि माझं निम्मं बोलणं पोटात राहतं. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

तर मुद्द्याचं असं, की आपल्या घर-गाडीत उंदीर झालेत. (आमचा पोरगा पंकज तिला मोटरहोम म्हणतो. आपण तिला शाळेची जुनी मिनीबस म्हणूनच आणली होती, हे तो विसरला.) पंकजने निक्षून सांगितलंय, संक्रांतीपर्यंत गाडी मार्गी लागली नाही तर विकून टाकतो. एक रसवंतीवाला येऊन बघूनही गेला. तुम्ही पंधरा दिवस पॉलिश करत बसलेल्या त्या सागवानी ओट्यावर हात फिरवून म्हणाला, "हितं चरक झ्याक बसंल." मला त्या माणसाला चहा पाजावासासुद्धा वाटला नाही.

आता उंदीर का झाले, ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही कबूल करणार नाही. गाडीच्या पत्र्याआड थर्माकोल भरायचं सोडून शेंगांची टरफलं भरायची ही अक्कल तुमची. शेवगावच्या उन्हात गाडी माठासारखी गार राहील म्हणालात. मीही भाळलो आणि तेलघाण्यावरून बारा पोती आणली. तेव्हा तुमच्या विमलवहिनी पायरीवर बसून म्हणाल्या होत्या, "पाखडून तरी घ्या, त्यात लई शेंगा तशाच ऱ्हात्यात." आपण दोघं हसलो. बॉडीचं काम बायकांना काय कळतं, असं तुम्ही म्हणालात (मी फक्त मान हलवली, हे लक्षात घ्या). मग तुम्ही वरून पत्रा ठोकून चांगले दोनशे रिबिट मारले आणि आतला दाणागोटा उंदरांच्या नावे कायमचा बंदोबस्तात ठेवला.

मी काय काय केलं म्हणून सांगू. डांबराच्या गोळ्या टाकल्या. गाडीला लग्नातल्या शालूच्या पेटीचा वास सुटला, डोकं माझं दुखलं, उंदीर ठणठणीत. चिकट पुठ्ठा ठेवला, त्यात माझी चप्पल गेली, आणि चप्पल काढायला वाकलेल्या पंकजचा मोबाईल गेला. पिंजऱ्यात भजी लावली, एक उंदीर सापडला, त्याला कालव्यापलीकडे सोडून आलो. (परत आला की त्याचा भाऊ आला, ते चेहऱ्यावरून सांगता येत नाही.) शेजारच्या सविताचं मांजर आणलं तर ते ड्रायव्हरच्या सीटवर झोपलं. एसटीतल्या एकतीस वर्षांत ड्रायव्हरच्या सीटवर माझ्यासमोर कुणी झोपलं नव्हतं.

शेवटी विचार केला, आपण एसटीचा माणूस, आपलं हत्यार हॉर्न. भर दुपारी गाडीत बसलो आणि पाव तास हॉर्न वाजवला. उंदीर एकही बाहेर पडला नाही, पण गल्लीतल्या जयाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. "न्येवाशाला जाती का?" आता ड्रायव्हरला असं विचारल्यावर काय करायचं, मिस्त्री? रिटायर झालो तरी पॅसेंजर खाली ठेवायची सवय नाही. घातलं त्यांना गाडीत आणि निघालो.

खरं सांगतो, त्या रस्त्यावर मला रडू आलं. एवढा जिल्हा मी फिरवला, पण विमल माझ्या एसटीत बसायची ती फक्त नेवाशापर्यंत, माहेरी. उतरताना दर खेपेला विचारायची, "ह्याच्या म्होरं काय हाय वो?" मी म्हणायचो, दाखवीन एकदा. त्यासाठीच ही गाडी केली, आणि गाडी तयार झाली त्या चैत्रानंतर आषाढात विमलच गेली. दाखवलं काहीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जयाबाई उतरल्या, तेव्हा पुढचा रस्ता मोकळा होता, डिझेल होतं. मी थोडा वेळ बसलो आणि गाडी वळवून घरी आलो.

तर आता तुम्ही या. तुमचे रिबिट तुम्हीच काढा, टरफलं पाखडा नाहीतर फेकून द्या. तुमच्या हाताखेरीज तो पत्रा उघडणार नाही. पुण्यात सबिहाच्या गॅलरीत बसून तुम्ही काय ठोकताय?

सबिहाबेटीला व जावईबापूंना आशीर्वाद.

तुमचा,
रंभाजी

ता. क. : पत्रा कापायची कात्री आणायची गरज नाही. त्या दिवशी नेवाशाच्या खराब रस्त्याने गाडी अशी खडखडली की उंदीर वाटेतच उतरले असावेत. तेव्हापासून एकही नाही. पत्राही उघडायला नको, आतलं खाऊन संपलंय.

आणखी ता. क. : पंकज गाडी विकतोय ते उंदरांमुळे नाही. "पप्पा, एकट्यानं जायचं न्हाई, चाचा बरोबर असतील तर जा," एवढंच त्याचं म्हणणं आहे. मी तुम्हाला हे आधीच लिहिणार होतो, पण "सोबतीला या" असं लिहायला लाज वाटली, म्हणून काम काढलं.

शेवटचं : दुपारचा मी गाडीत जाऊन बसायचो. उंदीर होते तेव्हा आत कुणीतरी राहतंय असं वाटायचं. आता बसवत नाही.