मायच्या फेटियातला आरसा

मी, रामीबाई देवसिंग आडे, वय चव्वेचाळीस, राहणार यवतमाळ, काम शेतकी प्रयोगशाळेत कपाशीचे रोग तपासण्याचे. शरीर खंगले आहे, डोके ठिकाणावर आहे. धाकटा भाऊ खेमसिंग याला त्याबद्दल शंका असेल तर त्याने आत्ताच, माझ्या तोंडावर विचारावे. तो दारातच उभा आहे.

माझे राहते घर खेमसिंगला मिळावे, पण त्याची मुलगी जमनी बी.एस्सी. झाल्यावरच. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मारेगावात तिचे लग्न लावून कॉलेज सोडवले, तर घर आमच्या तांड्यातल्या शिकणाऱ्या मुलींना राहायला द्यावे. त्याला वीटसुद्धा मिळू नये.

माझा सूक्ष्मदर्शक जमनीचा. नागपूरला कॉलेजात मला मुद्दाम तोच दिला होता, भिंगाकडे उजेड फेकणारा खालचा आरसा फुटलेला. प्राध्यापक म्हणाले, "बंजारणीनं घुंगट घ्यावा, भिंगात काय बघायचंय?" प्रयोगशाळेत काही हरवले की झडती फक्त माझ्या पिशवीची होत असे. मी रडत तांड्यावर आले. मायने स्वतःच्या फेटियाच्या, आरसे जडवलेल्या घागऱ्याच्या, घेराला विळा लावला, एक गोल आरसा उसवला आणि म्हणाली, "हा लाव. रडतं कायले?" तो यंत्रात नेमका बसला. पुढे कॉलेजने जुने सामान काढले, तेव्हा हे यंत्र मी विकत घेतले. कपाशीचा मर रोग मी त्याच आरशाच्या उजेडात ओळखला. अहवालावर नाव आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांचे लागले. त्या साहेबांना आणि त्या प्राध्यापकांना माझ्याकडून काहीही नाही, नावे लिहिण्यापुरती शाईसुद्धा नाही.

मायचा फेटियाही जमनीचाच. लग्नात तो नेसवायचा, भोक दिसले तर सासरचे अपशकुन म्हणतील, म्हणून खेमसिंग महिनाभर आरसा मागून राह्यला. तो आरसा कोणीही काढू नये. फेटिया भोकासकट नेसावा, आणि तोही डिग्री हाती आल्यावर. ज्याला ते भोक खुपेल त्या घरी पोर देऊच नये.

वरील मजकूर शेजारच्या वामनरावांनी मोठ्याने वाचला. खेमसिंग म्हणाला, "बाई, मी जबान देल्ली हाय. तांड्यात तोंड कसं दाखवू?" मी म्हटले, "मले मरतावक्ती भेव दाखवतं का रे?" तो तरातरा सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाशी गेला. आता आरसा उपटतो, असे मला वाटले, पण खाटेवरून उठता येत नव्हते. जमनी मध्ये आली. तिने त्याचा हात धरला नाही, फक्त भिंगाखाली कपाशीचे पान सरकवले आणि म्हणाली, "बा, पहिले पाहा तर खरं."

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. मग डोळे पुसत म्हणाला, "मायचाच उजेड हाय हा."

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने केले, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: रामीबाई देवसिंग आडे
यवतमाळ, १८ एप्रिल १९६३

साक्षीदार:
१. वामनराव ठोंबरे, शेजारी. सही.
२. खेमसिंग देवसिंग आडे. डाव्या हाताचा अंगठा. त्याच्या सांगण्यावरून खाली लिहिले: आरसा तिथंच राहू द्या. मारेगावले मी सांगतो.