अस्वलाच्या हातातली गिटार

बाबा,

काल मी विजय नगरच्या एका दुकानातून इलेक्ट्रिक गिटार आणली. तुमच्या त्या मासिकातल्या फोटोतली होती ना, तशीच दिसते. कडेला काळपट तांबडी, मध्ये मधासारखी पिवळी, खालच्या बाजूला एका अंगानं कातरलेली. अर्थात ती ही नव्हे. ती मूळची गिटार आता शौकीन लोक घरदार विकून घेतात म्हणे. ही तिची स्वस्तातली नक्कल, आणि दुकानदारानं ते जराही लपवलं नाही. "मैम, ओरिजिनल तो म्यूझियम का आइटम है. ये उसी की कॉपी है, सेम टू सेम, आप जैसे लोगों के लिए," असं म्हणाला, आणि मग जीभ चावून, "मतलब, हम जैसे लोगों के लिए." खोक्यावरही तसंच छापलेलं आहे, की ही अमुक जुन्या गिटारची नक्कल आहे. ठळक अक्षरांत, अभिमानानं. ती ओळ मी तिथे उभ्या उभ्या दोनदा वाचली. "बेटे के लिए?" असं त्यानं विचारलं तेव्हा "नाही, माझ्यासाठी," असं चक्क मराठीतच बोलून गेले. मला गिटार वाजवता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार.

तुमची मिल एका दिवसात बंद पडली नव्हती. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप लागलं आणि तरी तुम्ही रोज डबा न घेता फाटकापर्यंत जाऊन यायचात. "काय म्हणताहेत?" आई विचारायची. "खुलेगी," तुम्ही हिंदीत सांगायचात, कारण तिथे सगळे तेच म्हणत असत. त्याच रिकाम्या दिवसांत मल्हारगंजच्या रद्दीवाल्याकडून तुम्ही एक विलायती मासिक आणलंत आणि त्यातल्या गिटारच्या फोटोवर पट्टी ठेवून मापं घेतलीत. मिलच्या गणपतीत तुम्ही दरवर्षी मांडीवर आडवी ठेवायची गिटार वाजवत आलात. पण मनात असायची ती ही, उभ्यानं वाजवायची. ती मिळणं शक्य नव्हतं, म्हणून तुम्ही बनवायला घेतलीत. लाकूड कापून दिलं मिलच्या सुतारानं, तोही तुमच्यासारखाच घरी बसलेला. दांडी एका फुटक्या साध्या गिटारची. रंग दिला दरवर्षी मिलच्या झाँकीतले, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर निघणाऱ्या देखाव्यातले, राक्षस आणि हत्ती रंगवणाऱ्या पेंटरनं. आणि तारांखालचा पिकअप, ज्याच्यातून खरा आवाज निघतो, तो तुमच्या हातचा. तुम्ही तर जन्मभर मोटरींचं वाइंडिंग केलेलं. पिकअप म्हणजे तरी काय, चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार.

छत्रीबागच्या आपल्या त्या स्वयंपाकघरात खिडकीखाली बसून तुम्ही चक्री फिरवताय आणि मी फेरे मोजतेय. तार केसाहून बारीक आहे. शंभर फेरे झाले की मी परातीत हरभऱ्याचा एक दाणा टाकते. आई कुरकुरते, "मिल बंद झाली तर घराचीच मिल केली. तार भाजीत पडली तर कोण काढणार?" तुम्ही म्हणता, "भाजी वाजायला लागेल," आणि आई हसू दाबायला पाठ फिरवते. पहिली कॉइल मोटरच्या सवयीनं तुम्ही वार्निशमध्ये बुडवलीत आणि ती मुकीच झाली. दुसऱ्या कॉइलच्या वेळी माझं लक्ष कुठेतरी गेलं. "किती झाले?" तुम्ही विचारलंत. "बावीसशे, बहुतेक." चक्री थांबली. "बहुतेक म्हणजे?" तुम्ही रागावला नाहीत, पण गुंडाळलेली सगळी तार उलगडलीत, ती मध्येच तुटली, तरी उलगडत राहिलात. "चुकलं तर चुकलं म्हणायचं. अंदाजानं बोलायचं नाही. अंदाजानं मोटर जळते." हे तुमचं वाक्य मी पुढे इतक्यांदा वापरलं, ऑफिसात, मुलाशी, नवऱ्याशी, की ते आता माझंच आहे असं सगळ्यांना वाटतं.

गिटार वाजली. जरा घोगरी होती आणि कुणी वाजवत नसतानाही मागे एक बारीक गुणगुण चालू राहायची, पण वाजली. त्या काळात गावात परदेशी मालाचं एक वेगळंच वेड आलं होतं. टीव्हीवर नवे चॅनेल, पान टपरीवर नवी थंड पेयं, आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना 'इम्पोर्टेड' वाद्यं हवीत. असाच एक ऑर्केस्ट्रावाला मल्हारगंजात एका दुकानाच्या वर बसायचा. झाँकीमुळे तुम्हाला ओळखत होता. त्याचा गिटारवाला मुंबईला गेला म्हणून त्यानं निरोप पाठवला. पेटीएवढा अँप्लिफायर एकट्यानं नेता येईना, म्हणून मी बरोबर आले. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं माझं.

तुम्ही छान वाजवलंत. मालकानं मान डोलवली. "वाह भिया! हाथ तो साफ है. महीने में दस-बारह शादी मान के चलो." मग गिटार हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिली. "ये तो विलायती दिख रही है. असली है?"

तुम्ही एक क्षणसुद्धा थांबला नाहीत. "असली है जी. महू के एक फौजी साहब से ली थी."

आणि मी म्हणाले, "झूठ है. बाबांनी घर पे बनाई है."

खोलीत बसलेला ढोलकवाला आधी हसला. मालकही हसला. "बिटिया तो पुलिस निकली, भिया!" तुम्हीही हसलात, हेच मला अजून सहन होत नाही. मालकानं गिटार हळूच परत दिली. "कारीगरी एक नंबर है, कसम से. पर पार्टी को क्या बोलूँ, बताओ? मिल का माल है?" मग "देखते हैं", "खबर करता हूँ" असं काहीबाही. खबर आली नाही. परतताना कान्ह नदीच्या पुलापाशी तुम्ही अँप्लिफायर खाली ठेवून खांदा चोळलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "खरं बोललीस. बरं केलंस." घरी आईला सांगितलंत, त्यांना तरुण माणूस हवा आहे.

मिल उघडली नाही, पण त्या वर्षीही तुम्ही लोकांनी दारोदार चंदा मागून अनंत चतुर्दशीची झाँकी उभी केलीत. पगार नाही, मिल नाही, पण मिलची झाँकी निघालीच पाहिजे, यावर कुणाचं दुमत नव्हतं. त्यात एक सर्कस होती. तुम्ही म्हणालात, माझ्याकडे अस्वलासाठी काहीतरी आहे. झाँकी समोरून जाते आहे, दिव्यांनी लखलखलेली, आणि काथ्याच्या केसांचं ते ढेरपोटं अस्वल तुमची गिटार धरून उभं आहे. तुम्ही बांधून दिलेल्या मोटरवर त्याचा पंजा खाली-वर होतोय. तारांना टेकत नाही, एवढं अंतर तुम्ही बरोबर ठेवलं होतं. लोक शिट्ट्या मारताहेत, "अरे वो भालू देख, भालू!" तुम्ही ट्रकवर मागे, मोटरपाशी उकिडवे बसलेले. मी हात केला. तुम्ही पाहिलं नाहीत, किंवा पाहिलंत, मला खात्रीनं सांगता येत नाही. गिटार त्या सामानातून परत आली नाही आणि तुम्ही कधी चौकशी केली नाहीत. पुढे नऊ वर्षं एका पंखे-कूलरच्या दुकानात दुसऱ्यांच्या मोटरी बांधत राहिलात, आणि तिथूनच एके दुपारी तुम्हाला चौघांनी उचलून घरी आणलं, ते शेवटचं.

मी डायरी लिहिते, हे तुमच्या वेळेपासूनच. मल्हारगंजच्या त्या दिवशीचं पान मी अनेकदा वाचलंय. त्यात लिहिलंय, 'बाबा खोटं बोलले आणि मला राहवलं नाही.' पुढच्या काही वर्षांत त्याच प्रसंगाबद्दल आणखी तीन-चारदा लिहिलेलं सापडतं, दर वेळी जास्त समजूतदार शब्दांत. तुम्हीच शिकवलेलं खरं तुमच्यावर उलटलं, असंही एकदा लिहिलंय. वाक्य बरं जमलंय. तुमचा दोष निम्मा झाला, माझाही निम्मा झाला. कॉलेजात, ऑफिसात माझी ओळख हीच आहे, की हिला खोटं चालत नाही. काल नवी गिटार लावून मी नुसती एक तार छेडली. आवाज स्वच्छ आला. तुमच्या गिटारच्या मागे ती गुणगुण असायची, तसलं काही नाही. मग बराच वेळ मी ती मांडीवर घेऊन बसले, आणि डायरीत जे कधीच आलं नाही, ते लिहायला आज हा कागद घेतला. तुम्ही असतात तर हे लिहिलं नसतं, आणि बोलले तर नसतेच. तेव्हा हा कागदही घडी घालून त्याच डायरीत जाणार, हे मला लिहिताना माहीत आहे.

मालकानं गिटारबद्दल विचारायच्या आधी, बाबा, त्यानं खुंटीवरचा कोट काढून तुम्हाला घालून बघायला दिला होता. लाल, कॉलरला सोनेरी जर, ऑर्केस्ट्रातले सगळे घालत तसला. तुम्ही तो घातलात, बाह्या ओढून सारख्या केल्यात आणि माझ्याकडे वळून विचारलंत, "कसा दिसतोय?" माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं आणि ऑर्केस्ट्रा हाच ठरला होता. आमचा सगळा वर्ग जाणार होता. तुम्ही त्या कोटात मांडवात उभे आहात आणि मैत्रिणी विचारताहेत, हे तुझे बाबा ना, एवढंच मला त्या वेळी दिसत होतं. खरं-खोटं मनात कुठेही नव्हतं. तुम्हाला ते काम मिळू नये असं मला वाटलं, आणि तेवढ्यात मालकानं विचारलं, असली है?

तुमच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. कोट तुम्हाला चांगला दिसत होता.