वरच्या बाजूला कोण बसतं

११ नोव्हेंबर

बोट पाहिली आणि कितीतरी महिन्यांनी मला मनापासून बरं वाटलं. येताना मी मनात भलतीसलती चित्रं रंगवली होती. फाटकं शीड, शेवाळ, कुबट वास. पण इथल्या बंदरातल्या लोकांनी तिला माहेरी आलेल्या लेकीसारखं सांभाळलंय. लाल शीड नीट घडी घालून बांधलंय, केबिनमधली भांडी जागच्या जागी आहेत, दादाचा निळा मग अजून खुंटीला लटकतोय. चहा मी त्यातच घेतला.

दादा ही बोट दुरुस्त करून एकटाच घरी आणायला निघाला होता. मच्छीमारांना ती भर समुद्रात सापडली. शीड चढवलेलं होतं, दादा नव्हता. आम्हाला माहीत आहे ते एवढंच. वहिनी अजून रडलेली नाही. बोट दाराशी येऊ दे, मग बघू, असं म्हणते आणि तांदूळ निवडत बसते. म्हणून मी चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावलं आणि आले. लहानपणी दादाबरोबर छोटी होडी पुष्कळ हाकली आहे, पण एवढी मोठी बोट एकटीने न्यायची माझी छाती नाही. भाड्याने एक कप्तान घेतलाय. साठीचा, काटक माणूस, बोलायला जणू कर बसतो. ही वही वहिनीने दिली. मी भिंतीशीही गप्पा मारीन असं तिचं मत आहे, निदान कप्तानाचे कान वाचावेत म्हणे.

संध्याकाळी ठमीचा फोन आला. आठ वर्षांची झाली तरी बाबा बोटीवरच असणार असं तिला वाटतं. आत्या, दोर बाबांसारखाच फेकायचा, अशी ताकीद मिळाली. दादा धक्क्याजवळ आला की बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहून ओरडायचा, "ठमे, दोर धर." ती दोर झेलून खुंटाला बांधायची. तिने बांधल्याशिवाय बोटीवरून कुणीही उतरायचं नाही, हा त्या दोघांचा कायदा. मी कबूल केलं.

१२ नोव्हेंबर

निघालो. घर उत्तरेला आणि वाराही उत्तरेचाच, थेट तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या नाकात घुसत नाही, तिरकी जाते. मग थोडं डावीकडे, वळण, थोडं उजवीकडे, पुन्हा वळण. दिवसभर घाम गाळला आणि सकाळचा दीपस्तंभ संध्याकाळी जेमतेम मागे पडला. बोट सारखी एका कुशीवर कललेली असते. कप्तान चाकाशी आणि मी वरच्या, म्हणजे उचललेल्या काठावर बसायचं, तेवढाच तोल सावरतो. वळण घेतलं की बाजू बदलायची. लहानपणी मी दादाचं हलतं वजन होते, आता कप्तानाचं झाले. या वयात बढती काही मिळाली नाही.

वाऱ्याला मी इतक्या शिव्या दिल्या की कप्तानही हसला.

१४ नोव्हेंबर

एक गंमत. बोट जितकी कलायला हवी तितकी कलत नाही. कप्तानाला आधी बरं वाटलं, मग तो कपाळाला आठ्या घालून बघत बसला. दोघांच्या वजनात हिने इतकं ताठ राहू नये म्हणतो. दुपारी मला कारण दिसलं. वरच्या काठावर, माझ्यापासून दोन हात पलीकडे, फळीवर एक ओला डाग होता. ऊन कडक, बाकी सगळी फळी तापून पांढरी पडलेली, हा डाग मात्र वाळत नव्हता. माणूस ओल्या कपड्यांनी बसून उठावा, तेवढाच.

वळण घेतलं. मी बाजू बदलायला उठले, तेवढ्यात डेकवरून कुणीतरी माझ्या आधी पलीकडे गेलं. पावलं स्पष्ट ऐकली. मग पलीकडच्या काठावर डाग उमटला.

मला भीती वाटली नाही. खरं लिहायचं तर मी रडले, आणि बरं वाटून रडले.

१५ नोव्हेंबर

दादा आहे. आज दिवसभर बोलले त्याच्याशी. कप्तान झोपायला खाली गेला की मी सुरू. वहिनी कशी आहे, तिची पाठ अजून दुखते का, ठमीचे पुढचे दात पडले, मागच्या दाराची किल्ली अजूनही तिसऱ्या कुंडीखालीच ठेवतात. घरच्या खिडकीतून ठमी दुर्बीण लावून लाल शिडाची वाट बघते, दिसलं की धक्क्यावर धावायचं ठरलंय. दोराच्या कायद्याची त्याला आठवण करून दिली. तू नसलास तरी पोरगी तो मोडणार नाही, म्हटलं.

इतकं निवांत ऐकून घेणारं मला आजवर कुणी भेटलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

डाग सरकत सरकत माझ्या मांडीला लागलाय. मी बोलायची थांबले की बोट कलते. बोलू लागले की पुन्हा ताठ.

कप्तानाने आज विचारलं, कुणाशी बोलता. सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, तो हसला नाही. त्यालाही पहिल्या दिवसापासून पावलं ऐकू येतात. आपण बोटीवर घेतलं नाही त्या वजनाला काही सांगू नये, एवढं म्हणून तो चाकाकडे वळला. मला राग आला. माझा भाऊ आहे, मी काय वाटेल ते सांगीन.

१८ नोव्हेंबर

वारा अजून समोरचाच, पाऊण वाट सरली.

आज वळण घेताना मी मुद्दाम डोळे मिटून पावलं ऐकली. एक, दोन, एक, दोन. सारखी. स्वच्छ.

दादा लंगडायचा. झाडावरून पडल्यापासून डावा पाय फरफटत चालायचा. आख्खी गल्ली त्याला त्या आवाजावरून ओळखायची आणि मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, ते आज सुचलं.

मी मोठ्याने बोलून गेले. तू दादा नाहीस, दादा डावा पाय ओढत चालायचा. जीभ चावली, पण उशीर झाला होता. आई म्हणायची तेच खरं, माझ्या तोंडाला कडी नाही.

१९ नोव्हेंबर

सकाळचं पहिलं वळण. पावलं पलीकडे गेली.

एक, फरफट. एक, फरफट.

डावा पाय.

त्याला काही माहीत नव्हतं. घर नाही, किल्ली नाही, ठमी नाही. सगळं मी दिलं. तोंडाने, एकेक करून, कौतुकाने.

२० नोव्हेंबर

कप्तानाने ठरवलं, आता घर नाही. वारा पाठीवर घेऊन मागे फिरायचं, जवळच्या खाडीत शिरायचं आणि बोट तिथेच सोडून चालत सुटायचं. मला पटलं. चाक फिरवलं तशी पावलं खालच्या काठावर गेली, पहिल्यांदाच. खालच्या. बोट इतकी कलली की पाणी डेकवर आलं. शीड उतरवायला कप्तान पुढे गेला. कंबरेचा पट्टा दोरीला अडकवला होता, मी स्वतः कडी तपासली. दोघांचेही फोन जलरोधक पिशवीत त्याच्या गळ्यात होते.

मी डोळ्यांवरचं पाणी पुसलं. पुढे कुणी नव्हतं. दोरी होती, पट्टा होता, कडी तशीच बंद होती.

हाका मारल्या. बोट वळवायचा प्रयत्न केला, वळेना. चाक एकीकडे फिरवलं की वजन दुसरीकडे जातं आणि बोट आपली उत्तरेला. रेडिओ नुसता खरखरतो.

मला शिडाचं वजन पेलत नाही, त्याला माझं—

काय लिहितेय. कप्तान गेला. चांगला माणूस होता. मी त्याला घेऊन आले.

२१ नोव्हेंबर

वारा अजून समोरचा. आता कळलं.

इतके दिवस मी या वाऱ्याला शिव्या घातल्या. घराकडून येत होता, आम्हाला ढकलत होता, दर वळणाला मागे लोटत होता. आमच्या बाजूने एकटा तोच होता.

शीड खाली सोडलंय. बोट जागीच डुलतेय. पडू नकोस रे बाबा. असाच वाहत राहा.

२२ नोव्हेंबर

वारा पडला.

मग दक्षिणेकडून आला. पाठीवर.

शीड कुणी चढवलं माहीत नाही. मी नाही. उतरवायला गेले तर दोर असा ताणलेला, जसं कुणी त्यावर बसलंय. हाताला ओल लागली. सुरी चालवली, ती हातातून गेली.

आता वळणं नाहीत. बोट सरळ धावते. सरळ घरी.

२३ नोव्हेंबर

ओळखीचा डोंगर दिसतो. संध्याकाळचं ऊन पडलंय. शीड लाल, लांबून दिसेल असं. ठमीने दुर्बीण लावली असेल—

बोट बुडवायची. दुसरा मार्ग नाही. केबिनच्या तळाशी, फळीखाली नळ आहे, उघडला की समुद्र आत. फळी उचलायला गेले. उचलेना. फळीवर ओला डाग.

ते आत आलंय.

मग मी शिडी चढले, निदान चाक तरी. खालची फळी करकरली. मी वर पोचायच्या आत डोक्यावरचं केबिनचं झाकण बंद झालं. वर बसलंय कुणीतरी.

वर.

म्हणजे फळी मोकळी आहे. एकच आहे ते. एका वेळी एकाच जागी बसता येतं त्याला.

नळ उघडला. पाणी पायांशी. गार.

वहिनी, रडून घे गं आता. दादा गेला. खरंच गेला. आणि हे जे येतंय ते—

गुडघ्यांपर्यंत. वही मी वर, भांड्यांच्या मांडणीवर धरलीय. बोट जड झाली, पण धावतेय. गोल खिडकीतून धक्का दिसतो. वहिनीची साडी. ठमी उड्या मारतेय. इतक्या उंच—

काच फुटत नाही. ओरडले. ऐकू जात नाही बाहेर.

दोर धरू नकोस. ठमे. तू बांधला नाहीस तर कुणी उतरू शकत नाही. तुझा कायदा आहे. धरू नकोस, धरू नकोस—

पाणी कमरेला. अजून थोडं. थोडंच—

झाकणावरचं वजन उठलं.

पावलं पुढच्या टोकाकडे चाललीत. एक, फरफट. एक, फरफट.

बोललं ते. "ठमे, दोर धर."

दादाचा आवाज नाही. दादा इथे एकटा होता, त्याचा आवाज त्याने कधी ऐकलाच नाही. इतके दिवस त्याच्याशी एकच आवाज बोलला—

माझा आहे. माझा आवाज. पोरीने ओळखला. हसली. हात पुढे केले तिने—

झाकण मोकळं आहे, मी वर जा