पांढऱ्या मुळांचा पालक

मंगळवार, संध्याकाळ. आरमोरी

आज पाच वाजता नव्या मास्तरच्या खिडकीत माझा पालक दिसला आणि डोकं फिरलं. ग्लासातल्या पाण्यात उभा, मुळं पांढरीशुभ्र. मातीशिवाय, पाण्यावर पालक पिकवणारा गावात मी एकटाच. कॉलेज सोडून गच्चीवर पाइप मांडले ते शेजारच्या माधुरीसाठी. तिच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून मुळांसकट जुडी तिलाच देतो.

तिला विचारलं तर हसली. "सर एकटेच राह्यतेत, म्हणून देला. तू काऊन जळून राह्यला रे?"

मुळं माझी, ग्लास त्याचा!

रागात पाइपांत पाणी फिरवणारा पंप बंद केला. तासाभरात सगळी पानं माना टाकणार. मग तिचा फिकट चेहरा आठवला. चालू केला पुन्हा. तिच्यासाठी ताजा पालक काढला, पण मुळं छाटून टाकली. आता ठेव म्हणावं ग्लासात! चाललो द्यायला. दार लावतो.