सौदा झाल्यावरची संत्री

११ नोव्हेंबर, मंगळवार

परवा इथे लिहिलं ते चुकीचं आहे. 'वर्षालीवहिनीला अंबाडीच्या भाजीचे डोहाळे लागलेत' असं लिहिलं होतं. खोडत नाही, खाली खरं लिहिते. अंबाडी तिने सांगितली, पण तिला ती नको आहे.

आज आमच्या बगीच्यात संत्र्याची तोडणी सुरू झाली. मजुरांना पाणी द्यायला गेले तर वहिनी झाडाआड उभी, तोंडात काहीतरी. मला पाहून तिने मूठ उघडली — साल.

"फळ नाही घेतलं, ताई. मजुरानं खाऊन फेकलेली सालच हाये."

सहावा महिना आहे तिला.

"मंग अंबाडी कावून सांगतली?"

"बांधावर हाये. कोणाले मांगा लागत नाही."

१२ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, वहिनीचं रक्त फार कमी आहे, फळं खाऊ घाला. वर हसून — तुमचा तर बगीचाच आहे.

काय सांगणार? फळं झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला दिलाय. बाबांनी अक्षरं शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं : सौदा झाला की झाड आपलं, फळ त्याचं. लहानपणी खाली पडलेलं एक संत्रं उचललं, तर ते माझ्याच हाताने व्यापाऱ्याला परत द्यायला लावलं. मला ते अजूनही बरोबरच वाटतं. म्हणून तर अडलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबांना विचारलं, व्यापाऱ्याला दोन मागावीत का?

"देईन तो. पण मंग बाकी पैशाच्या हिशेबाच्या वक्ती आपलं तोंड बंद."

मग आईला विचारलं, विकत आणू? ती भाकर थापत होती. "बगीचेवाल्याची पोरगी संत्रं इकत घेते म्हनून गाव हसन."

वहिनी खाली मान घालून भाजी निवडत होती. म्हणाली, "राहू द्या न, ताई. मले अंबाडीच आवडते."

आईचा हात थांबला.

"गोपाल पोटात होता तवा मीबी अंबाडीच सांगतली होती," दादाच्या वेळचं तिने एवढंच सांगितलं. मग पुढची भाकर.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चुलीपाशी आई हळूच म्हणाली, "आणशीन तं एक मलेबी आणजो."

उद्या सोमवार, १७ तारीख. चांदूर बाजारला जाईन. गावातून येताना संत्र्यांच्या पिशवीचं तोंड उघडंच ठेवीन.