कातळसडे समाजमंदिराची जागा आता नको असल्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कातळसडे,
ता. जि. रत्नागिरी

अर्जदार : मैना भिकाजी रहाटे, रा. वरची वाडी, कातळसडे

विषय : समाजमंदिर मिळण्यासाठी केलेला अर्ज मागे घेणे व आपण दिलेल्या तोंडी उत्तराचा लेखी खुलासा मिळणे.

संदर्भ : समाजमंदिराच्या कुलूपबंद दारासमोर आपण केलेले भाषण.

महोदय,

१. मी याच गावात जन्मलेली, आप्पा रहाट्यांची मुलगी. आंब्याच्या कलमांची बाग मी सांभाळते. मूळ राजापूरची हेमा पाध्ये आणि मी जोडीदार म्हणून एका घरात राहतो. हेमाची मुलगी वेदिका तिसरीत आहे. तिचे वडील ती तान्ही असताना वारले. ती हेमाला आई म्हणते व मला मैनाई. मागील अर्ज घेताना आपण आमचे नाते ‘मैत्रिणी’ असे लिहून घेतलेत. मी तेव्हाच हरकत घेतली होती. ती चूक प्रथम दुरुस्त करावी.

२. समाजमंदिरात आमच्यासारख्या घरांची बैठक घेण्याची गरज का पडली, असे आपण विचारले होते व उत्तर न ऐकताच फोन घेतला होता. म्हणून लिहून देते. डिसेंबरात शाळेची सहल गणपतीपुळ्याला गेली असता वेदिका घसरून पडली व तिचे मनगट मोडले. तिला रत्नागिरीतील एका खाजगी दवाखान्यात नेले. हेमा त्या दिवशी राजापूरला होती, म्हणून मी धावत गेले. खिडकीवरील माणसाने विचारले, “आई कोण?” मी म्हटले, “मी.” त्याने विचारले, “कागदावर?” कागदावर मी कोणीच नाही. शाळेत नुकत्याच बदलून आलेल्या बाईंना आत घेतले आणि मला बाहेर बाकावर बसवले. पोरगी आत “मैनाई, मैनाई” म्हणून ओरडत होती. हेमा एसटीने येऊन पोचेपर्यंत मी तो आवाज ऐकत होते. आपणांस मुलेबाळे असल्यास याहून अधिक स्पष्टीकरण लागू नये.

३. त्यानंतर आम्ही आमच्यासारखी घरे शोधली. ती होती. पालीच्या सावित्रीकाकूंचा मुलगा मुंबईत आपल्या जोडीदारासोबत एक मुलगी वाढवतो आहे. काकूंना नातीला गणपतीला गावी आणायची भीती वाटते. राजापूरचे विनीत जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदले गेले, आज एका लहान मुलाचे बाप आहेत, आणि शाळेच्या प्रत्येक पालकसभेला दाराजवळच्या बाकावर बसतात. जानेवारीत आम्ही सगळे समाजमंदिरात बसलो. एका वकीलबाईंनी मृत्युपत्र, पालकत्व आणि दवाखान्यातील संमतीपत्र समजावून सांगितले. मुले खेळली, मोठ्यांनी चहा प्यायला. सावित्रीकाकू थोड्या रडल्या. गावाला धोका पोचेल असे याहून अधिक काही घडले नाही.

४. फेब्रुवारीच्या बैठकीला आलो तर दाराला कुलूप. कामाच्या दिवशी कार्यालयात न सापडणारे आपण त्या रविवारी जातीने हजर होता. आपण म्हणालात, “हे असले प्रकार मुंबईला जाऊन करा. गावातल्या पोरांवर काय संस्कार होतील?” याच जागेत हळदीकुंकू होते, क्रिकेट मंडळाची भांडणे होतात, फवारणी पंपांची जाहिरात होते. तेव्हा संस्कारांची चौकशी झाल्याचे आठवत नाही. आपण बोलत असताना वेदिका माझा हात धरून उभी होती. तिने सर्वांसमोर विचारले, “मैनाई, आपण असले प्रकार आहोत?” आपण घड्याळ पाहिलेत.

५. माझे वडील आप्पा त्या दिवशी रस्त्यापलीकडे उभे होते. हेमा घरात आल्यापासून ते तिच्याशी थेट एक शब्दही बोललेले नव्हते. पाणी हवे असले तरी वेदिकामार्फत मागत. ते रस्ता ओलांडून आले व आपणांस म्हणाले, “असले म्हंजे कसले, जरा सांगा की.” त्यावर आपण उलट म्हणालात, “आप्पा, शिमग्याला पालखी दारात यायला हवी ना? मग जपून.” पालखी हा ग्रामपंचायतीच्या कोणत्या खात्याचा विषय आहे, तेही खुलाशात नमूद करावे.

आप्पा वळले आणि हेमाला म्हणाले, “हेमा, चायचं आधण ठेव गो. मान्सं उन्हात उभी हायत.” ती बैठक आमच्या घरापुढच्या खळ्यात झाली. चटया त्यांनी स्वतः अंथरल्या.

६. आपले शब्द खरे ठरले. शिमग्यात देवीची पालखी वरच्या वाडीत आली, शेजारच्या दारात नाचली आणि आमच्या दारावरून न थांबता गेली. आप्पा ओवाळणीचे ताट घेऊन उभे होते. ढोल खालच्या वाडीत पोचले तरी ते हलले नाहीत. मग देवीच्या वाटेकडे तोंड करून त्यांनी तिथूनच ओवाळले, ताट आत ठेवले आणि आमच्याबरोबर जेवायला बसले. माझ्या वडिलांना त्या उंबऱ्यावर तसे उभे केल्याबद्दल मी आपणांस माफ करणार नाही. ही बाब आपल्या दप्तरात कोणत्या सदरात बसते, ते आपण पाहावे.

७. तरी माझा जागेचा अर्ज रद्द समजावा. ‘असले प्रकार’ म्हणजे काय, व कोणत्या नियमाने आपण कुलूप लावलेत, हे मला सही-शिक्क्यासह लिहून द्यावे. तोंडाने बोलता येते, तर हातानेही लिहिता यावे. उत्तर न आल्यास हाच अर्ज मी वर पाठवीन आणि प्रत्येक सुनावणीला वेदिकाला घेऊन येईन. तिला तिच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

८. आणखी एक गोष्ट माहितीसाठी. मागच्या रविवारी आमच्या खळ्यात एक नवीन कुटुंब आले. ते याच गावचे आहे, आणि आपल्या कार्यालयात त्यांची नेहमीची ये-जा आहे. आपण दारासमोर केलेले भाषण त्यांनी गर्दीत उभे राहून ऐकले होते, म्हणूनच ते आले. त्यांचे नाव आपण मला विचाराल. विचारू नये.

केवळ पद्धत म्हणून नम्र,

(सही)
मैना भिकाजी रहाटे
कातळसडे, दि. ७ एप्रिल २०२५

सहपत्रे : नाहीत. मागील अर्जासोबत दिलेली कागदपत्रे परत मिळावीत.